केळीतील आंतरजातीय संकरण

केळीतील आंतरजातीय संकरण म्हणजे मुसा प्रजातीतील दोन वेगळ्या जातींचा, अथवा लागवडीखालील वाण आणि त्याची रानटी वा शोभेची आप्तजाती यांचा, परागीकरणाद्वारे घडवून आणलेला संकर होय. रोगप्रतिकारशक्ती, पाण्याचा ताण व थंडी सहन करण्याची क्षमता, ठेंगणेपणा आणि फुलांचा रंग यांसारखे गुण एका जातीतून दुसरीत आणणे हा त्याचा उद्देश असतो. खाण्याच्या केळीला बी नसते. त्यामुळे गहू, ज्वारी किंवा कापूस या पिकांत नित्याचे असलेले संकरणाचे काम केळीत अत्यंत अवघड ठरते. बी असलेल्या, म्हणूनच खाण्यास निरुपयोगी मानल्या गेलेल्या जातीच या कामाचा मुख्य आधार आहेत.

## पार्श्वभूमी : खानदेशातील केळी

महाराष्ट्रातील केळी लागवडीचे मुख्य क्षेत्र जळगाव जिल्ह्यात आहे. तापीकाठचे रावेर, यावल, चोपडा व मुक्ताईनगर हे तालुके केळीसाठी प्रसिद्ध असून रावेर, सावदा, निंभोरा येथून रेल्वेने उत्तर भारतात केळी पाठवण्याची परंपरा जुनी आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, गिरणा व अंजनी नद्यांच्या खोऱ्यातील एरंडोल आणि लगतच्या तालुक्यांत, जेथे विहिरीचे वा प्रकल्पाचे पाणी पुरते तेथेच केळी घेता येते. 'जळगाव केळी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

खानदेशात जून-जुलैमधील लागवडीस 'मृगबाग' व ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या लागवडीस 'कांदेबाग' म्हणतात. पूर्वी ही लागवड मुख्यतः 'बसराई' या ठेंगण्या वाणाच्या कंदांपासून होत असे. १९९० च्या दशकापासून जळगाव येथील जैन इरिगेशन या कंपनीने 'ग्रँड नैन' वाणाची ऊतिसंवर्धित रोपे मोठ्या प्रमाणावर उपलब्ध केली आणि ठिबक सिंचनाबरोबर हा वाण जिल्हाभर पसरला. बसराई, श्रीमंती, अर्धापुरी आणि ग्रँड नैन ही नावे वेगळी असली तरी हे सर्व वाण कॅव्हेंडिश या एकाच गटातील आहेत. ते बीजापासून नव्हे, तर मुनवे, कंद किंवा ऊतिसंवर्धन यांद्वारे वाढवले जातात. त्यामुळे एखाद्या बागेतील हजारो झाडे आनुवंशिकदृष्ट्या जवळपास एकच झाड असतात.

या एकसारखेपणामुळे घड एकाच वेळी निसवतात, कापणी एकत्र होते आणि बाजारात एकसारखा माल जातो. परंतु जो रोग एका झाडाला होऊ शकतो, तो सर्व झाडांना होऊ शकतो. करपा (सिगाटोका), पर्णगुच्छ, 'हरण्या' या नावाने ओळखला जाणारा काकडीवरील मोझॅक विषाणूचा रोग आणि मर रोग हे या पिकाचे प्रमुख शत्रू आहेत.

मर रोगाचे उदाहरण विशेष बोलके आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जागतिक केळी व्यापार 'ग्रो मिशेल' या वाणावर उभा होता. फ्युजेरियम बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगाने मध्य अमेरिकेतील या वाणाच्या बागा नष्ट केल्या आणि १९६० च्या दशकापर्यंत त्याची जागा रोगास दाद न देणाऱ्या कॅव्हेंडिश वाणांनी घेतली. पुढे याच बुरशीचा 'उष्णकटिबंधीय प्रकार ४' (टीआर-४) हा कॅव्हेंडिशलाही मारतो असे आढळले. हा प्रकार २०१३ मध्ये आफ्रिकेत मोझांबिक येथे व २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेत कोलंबिया येथे नोंदवला गेला. भारतात बिहार, उत्तर प्रदेश व गुजरात या राज्यांत त्याची नोंद झाली आहे. ही बुरशी जमिनीत अनेक दशके टिकून राहते आणि तिच्यावर खात्रीशीर रासायनिक उपाय नाही. म्हणून प्रतिकारक्षम वाण तयार करणे हाच दीर्घकालीन मार्ग मानला जातो. अशा वाणासाठी लागणारे जनुक कॅव्हेंडिशच्या बागेत मिळत नाहीत. ते रानटी जातींत शोधावे लागतात.

## वर्गीकरण व गुणसूत्रे

केळीच्या कुलात (म्युझेसी) मुसा, एन्सेट व म्युसेला या तीन प्रजाती आहेत. मुसा प्रजातीचे परंपरागत विभाग मुख्यतः गुणसूत्रांची मूलसंख्या व फुलोऱ्याची ठेवण यांवरून पाडले गेले:

* युमुसा – मूलसंख्या ११. फुलोरा बहुधा लोंबता. खाण्याच्या बहुतेक केळींचे पूर्वज या विभागातील आहेत.
* ऱ्होडोक्लॅमिस – मूलसंख्या ११. फुलोरा बहुधा ताठ, छद गुलाबी, जांभळट किंवा नारिंगी. शोभेच्या अनेक जाती या विभागात येतात.
* कॅलिमुसा – मूलसंख्या १०. लाल छदांची मुसा कॉक्सिनिया ही शोभेची जाती यात येते.
* ऑस्ट्रेलिमुसा – मूलसंख्या १०. धाग्यासाठी लावली जाणारी अबाका (मुसा टेक्स्टिलिस) ही यातील प्रसिद्ध जाती.

अलीकडच्या जनुकीय अभ्यासांच्या आधारे ऱ्होडोक्लॅमिसचा समावेश पहिल्या विभागात आणि ऑस्ट्रेलिमुसाचा समावेश कॅलिमुसात केला जातो. संकरणाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. मूलसंख्या ११ असलेल्या जातींचा परस्परांशी संकर तुलनेने सुकर असतो, तर ११ आणि १० यांमधील संकर क्वचितच यशस्वी होतो.

खाण्याच्या केळींचे पूर्वज मुख्यतः दोन आहेत. मुसा अक्युमिनाटाच्या जनुकसंचास 'ए' आणि मुसा बाल्बिसियानाच्या जनुकसंचास 'बी' ही अक्षरे दिली जातात. १९५५ मध्ये सिमंड्स व शेफर्ड यांनी पंधरा बाह्य लक्षणांना गुण देऊन वाणांचे वर्गीकरण करण्याची पद्धत मांडली. तीनुसार कॅव्हेंडिश गट 'एएए', सफेद वेलची 'एबी' आणि राजेळी 'एएबी' या गटांत बसतात. म्हणजेच आपण खातो ती केळी स्वतःच प्राचीन संकराचे फळ आहे. आग्नेय आशिया व त्याच्या आसपासच्या प्रदेशात रानटी उपजाती माणसाबरोबर एकत्र आल्या, त्यांचे नैसर्गिक संकर झाले आणि त्यांतील बिनबियांची झाडे माणसाने निवडून कंदांद्वारे जतन केली.

## रानटी जाती

मुसा अक्युमिनाटा ही जाती भारतापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील बेटांपर्यंत पसरलेली असून तिच्या अनेक उपजाती आहेत. बर्मॅनिकॉइडिस या उपजातीतील 'कलकत्ता-४' हा नमुना काळ्या करप्याला प्रतिकारक्षम असल्याने जगभरातील संकरण कार्यक्रमांत नरपितर म्हणून वापरला गेला. मलॅकेन्सिस या उपजातीच्या काही झाडांत टीआर-४ ला प्रतिकार आढळतो. २०१२ मध्ये केळीचा जो पहिला जनुकसंच प्रसिद्ध झाला तो याच उपजातीतील 'पहांग' या झाडापासून मिळवलेल्या वंशाचा होता. त्यात ३६,००० हून अधिक जनुके आढळली.

मुसा बाल्बिसियाना ही जाती काटक आहे. ज्या वाणांत 'बी' जनुकसंच असतो ते वाण सामान्यतः पाण्याचा ताण अधिक सहन करतात. तापीकाठच्या मुबलक पाण्यापेक्षा एरंडोलसारख्या मर्यादित पाण्याच्या तालुक्याच्या दृष्टीने हा गुण अधिक मोलाचा आहे. मात्र या जातीच्या जनुकसंचात केळीच्या रेषा विषाणूचे तुकडे कायमचे गुंतलेले असतात. संकरण किंवा ऊतिसंवर्धन यांच्या ताणामुळे ते जागृत होऊन निरोगी दिसणाऱ्या संकरात रोग उद्भवू शकतो. या कारणाने 'बी' जनुकसंचाचा वापर अनेक ठिकाणी बराच काळ मर्यादित राहिला.

रानकेळ (एन्सेट सुपर्बम) ही सह्याद्रीच्या कड्याकपारींवर पावसाळ्यात दिसणारी वनस्पती 'चवई' किंवा 'कवदर' या नावांनीही ओळखली जाते. तिला मुनवे येत नाहीत. ती आयुष्यात एकदाच फुलते व फळल्यावर मरते, आणि तिच्या फळांत मोठ्या, कठीण बिया असतात. दिसायला ती केळीसारखी असली तरी तिची प्रजाती वेगळी व गुणसूत्रांची मूलसंख्या ९ आहे. त्यामुळे तिचा केळीशी संकर होत नाही. सह्याद्रीतील 'जंगली केळी'च्या परागाने बागेतील केळी सुधारता येईल, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

## शोभेच्या जाती

ऱ्होडोक्लॅमिस विभागातील बऱ्याच जातींचे मूळस्थान ईशान्य भारत, बांगलादेश व म्यानमार या पट्ट्यात आहे. मुसा ऑर्नाटा या जातीचे वर्णन रॉक्सबर्ग यांच्या नावे १८२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे छद फिकट गुलाबी ते जांभळट असतात. मुसा व्हेल्युटिना ही ईशान्य भारतातील ठेंगणी जाती मखमली, गुलाबी फळांसाठी प्रसिद्ध आहे. तिची फळे पिकल्यावर साल आपोआप उलगडते व आतील काळ्या बियांनी भरलेला पांढरा गर दिसतो. विटकरी-नारिंगी छदांची मुसा लॅटेरिटा हीदेखील याच गटात येते.

या जाती द्विगुणित असून त्यांना भरपूर, रुजणारे बी येते. अनुकूल हवामानात त्यांचे रोप साधारण वर्षभरात फुलते आणि झाड लहान असल्याने कुंडीतही वाढवता येते. त्यांचा अधिवास पावसाळा व कोरडा ऋतू स्पष्टपणे वेगळे असलेल्या प्रदेशात आहे. फुलोऱ्याच्या ठेवणीचा संबंध परागीकरणाशीही आहे. लोंबत्या फुलोऱ्याच्या केळींना रात्री मध चाटणारी वटवाघळे भेट देतात, तर ताठ, रंगीत फुलोऱ्याच्या जातींकडे दिवसा शिंजीर पक्षी येतात.

## संकरणातील अडथळे

कॅव्हेंडिश केळी त्रिगुणित आहे. तिच्या पेशींत ११ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण ३३ गुणसूत्रे असतात. जननपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. तीन संचांची समान वाटणी होऊ शकत नसल्याने बहुतेक परागकण व बीजांडे निकामी ठरतात. शिवाय खाण्याच्या केळीत परागीकरणाशिवायच फळ भरते. या गुणास अनिषेकफलन म्हणतात. वंध्यत्व आणि अनिषेकफलन या दोन गोष्टींमुळेच केळे बिनबियांचे व खाण्यायोग्य झाले. परंतु त्याच गोष्टी संकरणाच्या आड येतात.

ग्रो मिशेलसारख्या त्रिगुणित वाणावर रानटी केळीचा पराग लावल्यास एका संपूर्ण घडामागे जेमतेम एक-दोन बिया मिळतात. कॅव्हेंडिशमध्ये हे प्रमाण इतके कमी आहे की ती दीर्घकाळ पूर्णतः वंध्य मानली जात असे.

ऱ्होडोक्लॅमिस व युमुसा या विभागांत गुणसूत्रांची संख्या सारखी असली तरी त्यांच्या रचनेत अदलाबदल झालेली असते. म्हणून मुसा अक्युमिनाटा आणि शोभेच्या जाती यांचे संकर मिळाले तरी त्यांची प्रजननक्षमता बहुधा कमी असते. वेगळ्या मूलसंख्येचा अडथळाही सर्वस्वी अभेद्य नाही. फिलिपिन्समध्ये अबाका व मुसा बाल्बिसियाना यांचे नैसर्गिक संकर आढळले असून पर्णगुच्छ रोगाला प्रतिकारक्षम अबाका मिळवण्यासाठी अशा संकरांचा उपयोग करण्यात आला आहे.

## संकरणाची पद्धत

केळीच्या फुलोऱ्यात (केळफूल किंवा 'कमळ') आधी उघडणाऱ्या फण्यांत मादी फुले असतात आणि त्यांचीच फळे होतात. टोकाकडील छदांखाली नर फुले असतात. हस्तपरागीकरणाचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत:

1. पिशवी बांधणे – मादीपितराचा फुलोरा निसवताच, पहिला छद उघडण्यापूर्वी, त्यावर कापडी पिशवी बांधली जाते. त्यामुळे पक्षी, वटवाघळे व मधमाश्या यांच्याद्वारे नको असलेला पराग येत नाही.
2. पुंकेसर काढणे – शोभेच्या काही जातींत, विशेषतः मुसा व्हेल्युटिनात, तळाकडील फुले उभयलिंगी असू शकतात. अशा फुलांतील परागकोश उमलण्यापूर्वी काढले नाहीत तर स्वपरागीकरण होते आणि मिळालेले बी संकरित नसते.
3. पराग लावणे – नरपितराची ताजी फुले सकाळी लवकर गोळा करून त्यांचे परागकोश मादी फुलांच्या कुक्षीवर हलकेच फिरवले जातात. रोज एखादाच छद उघडत असल्याने ही क्रिया सर्व मादी फण्या संपेपर्यंत रोज करावी लागते. कडक ऊन व कोरडी हवा यांत बीधारणा घटते.
4. नोंद ठेवणे – मादी व नर पितरांची नावे आणि परागीकरणाची तारीख लिहिलेली चिठ्ठी घडास बांधली जाते. संकराची वंशावळ या नोंदीवरच अवलंबून असते.
5. बी काढणे – घड पक्व झाल्यावर तो पिकवून फळांचा गर कुस्करला जातो व बिया धुऊन वेगळ्या केल्या जातात. त्रिगुणित मातेच्या बाबतीत एका बीसाठी शेकडो फळे तपासावी लागतात.
6. भ्रूणसंवर्धन – संकरित बी मातीत क्वचितच रुजते. म्हणून कठीण कवच फोडून भ्रूण निर्जंतुक स्थितीत बाहेर काढतात आणि पोषक माध्यमावर वाढवतात. तयार रोप कणखर करून मग शेतात लावले जाते.

द्विगुणित शोभेच्या जातींत पहिले पाच टप्पे बागेतही पार पाडता येतात आणि मिळणारे बी बहुधा थेट रुजते. त्यामुळे संकरणाचे तत्त्व शिकण्यासाठी या जाती सोयीच्या आहेत.

## संकरानंतरची निवड

त्रिगुणित मातेची काही बीजांडे गुणसूत्रांची वाटणी न होता तशीच राहतात. अशा ३३ गुणसूत्रांच्या बीजांडास द्विगुणित रानटी केळीच्या परागातील ११ गुणसूत्रे मिळाल्यास ४४ गुणसूत्रांचा चतुर्गुणित संकर तयार होतो. त्याच्यात मातेचे फळ व पित्याची प्रतिकारशक्ती यांचा मेळ बसू शकतो. मात्र चतुर्गुणित झाडांच्या फळांत परागीकरण झाल्यास बिया येण्याचा धोका असतो. म्हणून त्याचा पुन्हा एका सुधारित द्विगुणित वंशाशी संकर करून २२ आणि ११ मिळून ३३ गुणसूत्रांचा नवा त्रिगुणित वाण मिळवला जातो.

रानटी पितराबरोबर बिया, लहान फळे व कमी गर हे दुर्गुणही येतात. ते वगळण्यासाठी अनेक पिढ्यांची निवड करावी लागते. त्यानंतर उत्पादन, चव, टिकवण क्षमता व रोगप्रतिकार यांच्या चाचण्या होतात. त्यामुळे पहिल्या संकरापासून शेतकऱ्याच्या हाती वाण पडेपर्यंत दशकभर किंवा त्याहून अधिक काळ जातो.

## भारतातील व अन्य देशांतील कार्य

केळीचे शास्त्रशुद्ध संकरण १९२० च्या दशकात त्रिनिदाद व जमैका येथे सुरू झाले. त्यामागे मर रोगाचीच भीती होती. होंडुरासमधील एफएचआयए या संस्थेने १९८४ पासून हे काम पुढे नेले. तिचा 'एफएचआयए-०१' किंवा 'गोल्डफिंगर' हा चतुर्गुणित संकर अनेक देशांत पोहोचला.

भारतात १९४९ मध्ये तमिळनाडूतील अदुतुराई येथे केळी सुधारणेचे काम सुरू झाले. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात प्रसारित केलेला 'सीओ-१' हा वाण रानटी जातीच्या सहभागाचे ठळक भारतीय उदाहरण आहे. 'लाडन' वाणाचा मुसा बाल्बिसियानाशी संकर करून त्याच्या संततीवर 'कदली' या द्विगुणित वाणाचा पराग वापरण्यात आला. डोंगराळ भागातील 'विरूपाक्षी' केळीची चव मैदानी प्रदेशातही मिळावी, हा त्यामागील हेतू होता. केरळ कृषी विद्यापीठाच्या कन्नारा येथील केंद्राने 'बीआरएस-१' व 'बीआरएस-२' हे संकर दिले. तिरुचिरापल्ली येथे १९९३ मध्ये राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे लागवडीखालील व रानटी केळींचा संग्रह जतन केला जातो. महाराष्ट्रात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र जळगाव येथे आहे.

शोभेच्या केळीच्या संकरणात ब्राझीलमधील एम्ब्रापा या संशोधन संस्थेचे काम उल्लेखनीय आहे. तेथे मुसा ऑर्नाटा, मुसा व्हेल्युटिना, मुसा लॅटेरिटा आणि मुसा अक्युमिनाटाच्या उपजाती यांचे परस्पर संकर करून कापीव फुले, कुंडीतील झाडे, बागेतील सजावट व शोभेची छोटी फळे अशा वेगवेगळ्या उपयोगांसाठी निवड करण्यात आली. अशा कामात फळातील बी हा दोष ठरत नाही. त्यामुळे खाण्याच्या केळीपेक्षा येथे यश लवकर मिळते.

## अन्य मार्ग

संकरणास काही पर्यायही आहेत. तैवानमध्ये ऊतिसंवर्धनात आपोआप उद्भवणाऱ्या बदलांतून निवड करून टीआर-४ ला अंशतः दाद न देणारे 'फॉर्मोसाना' यांसारखे कॅव्हेंडिश वाण मिळवण्यात आले. ऑस्ट्रेलियात मुसा अक्युमिनाटाच्या मलॅकेन्सिस उपजातीतील 'आरजीए-२' हे जनुक थेट कॅव्हेंडिशमध्ये घालून तयार केलेल्या 'क्यूकॅव्ह-४' या वाणास २०२४ मध्ये मान्यता मिळाली. या दुसऱ्या उदाहरणात तंत्र बदलले तरी गुणाचा उगम रानटी केळी हाच राहिला आहे.

## जतन व दक्षता

रानटी व शोभेच्या केळींचे अधिवास जंगलतोडीमुळे आक्रसत आहेत. एखादी उपजाती नष्ट झाली तर तिच्यातील प्रतिकारशक्ती ओळखली जाण्यापूर्वीच नाहीशी होते. म्हणून या जातींचे जतन शेतातील संग्रह, ऊतिसंवर्धन व अतिशीत साठवण या पद्धतींनी केले जाते. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील आंतरराष्ट्रीय संग्रहात केळीचे १,५०० हून अधिक नमुने आहेत.

नवी झाडे आणताना रोगप्रसाराचा धोका सर्वांत मोठा असतो. मुनवे व कंद यांच्याबरोबर मर रोगाची बुरशी, सूत्रकृमी व विषाणू येऊ शकतात. परदेशातून आणलेली सामग्री राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमार्फत तपासली जाते. देशांतर्गत अदलाबदलीतही कंदांऐवजी विषाणूमुक्त असल्याची खात्री केलेली ऊतिसंवर्धित रोपे वापरणे अधिक सुरक्षित मानले जाते. रावेर तालुक्याच्या पलीकडे मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यातही केळीचा सलग पट्टा असल्याने राज्याच्या सीमेवर रोग थांबत नाही. खानदेशासाठी ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे. शोभेसाठी हौसेने आणलेला एखादा संक्रमित कंददेखील या पट्ट्यात रोग आणू शकतो. संकरणास लागणारी विविधता बाहेरून आणणे आवश्यक असले तरी ती बी किंवा प्रयोगशाळेतील तपासलेली रोपे या रूपात येणे म्हणूनच इष्ट ठरते.